वाळूत मुळं धरायची म्हणजे

शनिवार, ११ जानेवारी २०२५

केळव्याचा समुद्र. लग्नाचं पहिलं वर्ष. ह्यांनी वाळूत छत्री रोवली, मी डबा उघडला — छत्री थेट शिऱ्यात! "उथळ रोवली गेली," म्हणाले. पुन्हा रोवली, पुन्हा पडली. चौथ्या वेळी हेच छत्री धरून उभे राहिले आणि मी ह्यांना घास भरवले.

आठवायचं कारण, विनीतचा शारजाहून फोन. "आई, आता दोघं कायमचे इकडेच या. डोंबिवलीचा ब्लॉक विकून टाकू." आणि हे लगेच हो म्हणाले! मला विचारलंसुद्धा नाही. चौसष्टाव्या वर्षी वाळवंटात जाऊन राहू? मला उशी बदलली तरी झोप लागत नाही.

रविवार, १२

हे बॅगा पुसतायत. शीळ घालत.

बुधवार, १५

शाळेत सिस्टर सांगायच्या, ज्याची भीती वाटते त्याचा अभ्यास करा. वाचनालयातून पुस्तक आणलं. वाळवंटात झुडपं टिकतात! वर हातभर झुडूप, खाली मूळ दोन-तीन मजले — थेट पाण्यापर्यंत. काहींची मुळं आडवी, अंगणभर पसरलेली, वरच्यावर ओल टिपणारी. काहींच्या मुळांना वाळूच चिकटून पायमोजे होतात, मग ती सुकत नाहीत.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "आपण सातव्या मजल्यावर राहणार आहोत. लिफ्ट आहे."

शनिवार, १८

खरं मूळ बघायचंच ठरवलं. शेजारची कल्पिता शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं आणायला शहाडला नदीकाठी जाते. रुई वाळवंटातही वाढते म्हणे. उलथणं घेऊन तिच्याबरोबर गेले. रेताड जागा, कमरेएवढं झुडूप. उकरलं. कोपरापर्यंत हात गेला तरी मूळ संपेना!

"काकू, चीक डोळ्यांत जाईल हां. चला ना!"

एक बाई थांबली. "काय हरवलंय?" कल्पिता लाजून बोलून गेली, "काकूंची कुडी." मग काय! पाच मिनिटांत सहा माणसं. एक जण फावडं घेऊन आला. "सोन्याची का?" "डाव्या कानातली की उजव्या?" खड्डा कमरेएवढा झाला, मूळ आपलं खाली चाललंय. शेवटी मीच हळूच एक कुडी कानातून काढून मातीत टाकली आणि ओरडले, "सापडली!" टाळ्या! एक आजोबा म्हणाले, मारुतीला नारळ फोडा.

खड्डा सगळ्यांनी मिळून बुजवला. रुई होती तशी उभी.

नारळ फोडला. खोटं बोलल्याचा.

शुक्रवार, २४

पुस्तकातलं एक पान तीनदा वाचलं. वाऱ्यानं वाळूचा ढीग अंगावर आणून टाकला, तर काही झुडपांच्या पुरलेल्या खोडालाच नवी मुळं फुटतात, आणि ती पुन्हा वर डोकं काढतात. जून खोडाला!

ठाण्याच्या कॉन्व्हेंटमधली मी, लग्न होऊन ह्यांच्या चाळीत आले तेव्हा नळावर भांडता येत नव्हतं. 'सॉरी' म्हणायचे आणि माझा हंडा मागे राहायचा. दोन महिन्यांत शिकलेच की!

जमेल बहुतेक.

शनिवार, १ फेब्रुवारी

हे खोपटला गेले होते. ह्यांच्या एसटी डेपोतल्या रिटायर्ड मंडळींचा तिथे चहाच्या टपरीवर अड्डा असतो. त्यांचा निरोप घ्यायला. परत आले. अर्धीच भाकरी खाल्ली.

"गोविंदा म्हणतो, तू गेलास की तुझं स्टूल विठ्ठलला."

"मग देऊ दे."

"तिकडे चहा कुणाबरोबर प्यायचा?"

"माझ्याबरोबर."

"ते आहेच गं. पण शिव्या कुणाला द्यायच्या?"

मंगळवार, ४

एजंट ब्लॉक बघायला एका जोडप्याला घेऊन आला. ह्यांनी भिंतीचा पापुद्रा स्वतः नखानं काढून दाखवला. "ओल आहे. पाणी तर दिवसाआड." आमच्याकडे रोज येतं! "आणि वरचे रात्रभर भांडतात." वरचा ब्लॉक वर्षभर बंद आहे. जोडपं चहा न घेताच गेलं.

ह्यांनी दोन्ही बॅगा माळ्यावर टाकल्या. शीळ नाही.

बुधवार, ५

एक बॅग मी खाली काढली.

रविवार, ९

उद्या सकाळचं विमान. तिकीट एकच, माझं. तीन महिन्यांचं. ब्लॉक विकायचा नाही, हे विनीतला मीच सांगितलं. कल्पितासाठी यादी:

लोणच्याची बरणी तुझ्याकडे. ह्यांना मागतील तेवढं वाटीत.

विरजण खालच्या रसिकाला. रोज लावायचं, मरू द्यायचं नाही.

शिवणयंत्र कळव्याच्या रतनला. वापरून परत.

एक किल्ली गोविंदाभावजींना. हे किल्ली आत ठेवून दार ओढतात.

आणि हे — कुणालाच द्यायचे नाहीत. आहेत तिथेच ठेवावेत. दोन वेळा चहा घालावा. मे महिन्यात येऊन बघते.