नव्या तांदळाचा घास

नागपूर, १६ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप बाबांना रुखमिणीचा नमस्कार. मी ठीक आहे.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अड्याळची वीज गेली. वरून वीजकपातीचा आदेश होता, म्हणून इथल्या कंट्रोल रूममधून लाईन मीच बंद केली. सोबतचे भैय्याजी म्हणाले, "बाई, तुमच्याच गावची मंडईची जत्रा न आज? लोकं अंधारात दंडार पायतीन काय?" दंडारीचा खेळ पेट्रोमॅक्सवर झाला का?

माझी रजा नामंजूर झाली. तुमच्या पत्रात आईचं वाक्य आहे, "रुखमी आल्याबिगर मी नव्या तांदळाचा घास घेत नाही." तिला म्हणावं, खाऊन घे, वाट पाहू नको.

इथल्या मेसमध्ये तांदूळ नवा की जुना ते कळत नाही, म्हणून मी पोळ्याच खाते. हे तिला सांगू नका.

आपली,
रुखमिणी