मोठ्या घरचं बोलावणं

रवि., ७ सप्टें.

सकाळी साडेसातला सामना. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ, इकडे आमचे पोहे. सुहासने मुक्ताच्या कॉलेजचा जाड स्वेटर घातला आणि तो सोसवेना म्हणून एसी लावला. सिंगापूरच्या अख्ख्या जुरोंग ईस्टमध्ये स्वेटर घालणारा हा एकटाच नवरा असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला.

आमची लेक मुक्ता त्या कॉलेजच्या संघातून पोहते. फुटबॉलशी तिचा काडीचा संबंध नाही. पण ती तिकडे गेल्यापासून या माणसाला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय. आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळला नाही, आता मला नियम समजावतो. मला अजून चेंडू नेमका कुणाकडे आहे ते दिसत नाही. माणसं मात्र दिसतात. पिकल्या केसांच्या आज्या गालांना रंग लावून ओरडतायत. कॉलेज सोडून जन्म लोटला तरी दर शनिवारी येतात. मी पुण्याला गेले की माझ्या कॉलेजच्या फाटकावरून रिक्षा जाते तेव्हा मान वळवते, एवढंच. यांचं बघून हेवा वाटतो, खरंच.

हरलो. (हरलो! मीही तसंच लिहायला लागले.)

रवि., १४ सप्टें.

जिंकलो. पण सु. सामन्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीने हरखलेला. कॉन्फरन्सची भानगड. मला कळलं ते असं: ही कॉलेजं गट करून राहतात, गटातल्या गटात खेळतात. पूर्वी शेजारपाजारच्यांचे गट असायचे. आता टीव्हीवाल्यांची मर्जी. जुने गट मोडतात, नवे जुळतात, कोण कुठे जाईल सांगता येत नाही. सगळ्यात मोठ्या गटाला (सु. त्याला 'मोठं घर' म्हणतो) दोन नवीन कॉलेजं हवीत. इच्छुक चार: डोंगरातलं, वाळवंटातलं, बड्या शहरातलं, आणि मक्याच्या शेतांत बसलेलं आपलं.

सु.ने एक्सेल केलंय. "अगं, टीव्हीचा प्रेक्षक, स्टेडियम, अभ्यासातलं नाव, सगळं बघतात."

"म्हणजे घराणं, रूप आणि शिक्षण. स्थळं बघतायत ती."

रागावला. मग थोड्या वेळाने हळूच, "शहरातलं दिसायला बरं आहे. पण त्यांना फार शिंगं फुटलीयत." आता मला सगळं समजायला लागलं. बँकेत दोन तास मीटिंगमध्ये बसून जे डोक्यात शिरत नाही ते लग्नाच्या भाषेत लगेच शिरतं.

मुक्ताला फोन. तिला फारसं कौतुक नाही. "एव्हरीबडी टॉकिंग ओन्ली दिस, आई. आमची प्रॅक्टिस सकाळी सहाला आहे. गोइंग टु स्लीप, ला." इथलं सिंगापुरी 'ला' तिकडे जाऊनही तिच्या जिभेवरून जात नाही.

गुरु., २५ सप्टें.

मोठ्या घरची माणसं कॉलेज बघून गेली. मुक्ता सांगत होती, स्टेडियमचे बाक रंगवले, वाटेवर फुलझाडं आणून ठेवली, ती गेल्यावर कुंड्या परत नेल्या. हसू आवरेना. कांदेपोहे तेवढे राहिले.

सु. ऑफिसातून आल्या आल्या त्या बातम्यांत. फॅन लोकांचा एक ग्रुप आहे, तिथे दिवसभर अफवा. हा तिथला एकमेव सिंगापूरवाला. ते त्याला 'प्रोफेसर' म्हणतात म्हणे. अंगावर मूठभर मांस चढलंय.

गुरु., २ ऑक्टो. दसरा

सु.चा माझ्या ऑफिसात फोन, आवाज चढलेला. "ठरलं! आपल्याला बोलावणं आलं!"

"कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर पक्की बातमी आहे. सह्या बाकी आहेत फक्त."

गुडघ्याला बाशिंग बांधलेला माणूस. संध्याकाळी लिटिल इंडियात जाऊन पेढ्यांचे खोके घेऊन आला. (कंदी नव्हेत, पण पेढेच.) इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात सोनं आणि पेढा एकदमच हातावर. लोकांना वाटलं मुक्ताला मेडल मिळालं. हा प्रत्येकाला कॉन्फरन्स समजावत बसला, लोक पेढा खात मान हलवत होते. मीही काय कमी? एक खोका शेजारच्या टॅन आंटींना दिला.

"वा, यू डॉटर गेटिंग मॅरिड, आ?"

"नो, आंटी. हर कॉलेज."

"कॉलेज ऑल्सो कॅन मॅरी, आ?" म्हणाल्या आणि दुसरा पेढा घेतला.

सु.ने खोक्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. 'मुक्ताच्या कॉलेजचे पेढे.' काकू, आत्या, सगळ्यांचे अंगठे. मुक्ताचं काही नाही. तिकडे सकाळ, सरावाला गेली असेल.

शुक्र., ३ ऑक्टो.

सकाळी मुक्ताचा व्हिडिओ कॉल. केस ओले, गळ्यात टॉवेल.

"आई, तुम्ही पेढे वाटलेत?"

एवढं स्वच्छ मराठी. ला नाही, काही नाही. तेव्हाच मी खुर्ची ओढून बसले.

मोठ्या घरी गेलं तर सामन्यांसाठी देशाच्या या टोकाहून त्या टोकाला जावं लागेल. सगळ्याच संघांना, फक्त फुटबॉलला नाही. ते कॉलेजला झेपायचं नाही, म्हणून काही संघ बंद करायचा विचार आहे. यादीत पहिलं नाव पोहण्याचं. काल कोचबाईंनी सगळ्यांना तलावाच्या काठावर बसवून सांगितलं. बातमी खरी आहे, बोलावणं येणार. पुढच्या महिन्यात विश्वस्तांची सभा, दोन्हीचा निर्णय तेव्हाच.

म्हणजे लेकीचा संघ बुडायची बातमी, आणि आम्ही गावभर तोंड गोड करत फिरलो.

सु. माझ्यामागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं. "मुक्ता, मला माहीत नव्हतं गं..."

"आय नो, बाबा."

"मग कोच काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"सगळं सांगून झाल्यावर? शी सेड, उद्या सहा वाजता. मग आम्ही आज सहाला गेलो."

केवढी बाई असेल ती. आपलीही नोकरी जाणार हे सांगून झालं आणि मग सरावाची वेळ सांगितली. मी असते तर आधी रजा टाकली असती. दिवसभर कामात लक्ष नाही.

रवि., ५ ऑक्टो.

साडेसात वाजले. सु.ने टीव्ही लावला नाही. स्वेटर घडी करून कपाटात. पोहे समोर निवत राहिले. मला त्याचा राग आला होता, तो त्याच्या चेहऱ्याकडे बघून गेला.

आठच्या सुमारास मुक्ताचाच फोन. मागे एवढा गोंगाट की ऐकू येईना. स्टेडियममध्ये होती! गालावर रंग!

"बाबा, का नाही बघताय? वी आर विनिंग!"

"तू तिथे काय करतेयस?" तो थक्क.

"चिअरिंग, ला! माझं कॉलेज आहे!"

नंतर शांत वेळी मी विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाली, येतो. खूप येतो. पण ती पोरं काय करणार, ती आपली खेळतायत. दोन्ही खरं आहे, आई.

हिच्यात हे कुठून आलं? माझ्याकडून नक्की नाही. मी एका नणंदेशी वर्षभर बोलले नव्हते.

सु.ने टीव्ही लावला. स्वेटर नाही.

मंगळ., १४ ऑक्टो.

मु.कडून मजेदार बातमी. पोहणाऱ्यांनी मोर्चा-बिर्चा काढला नाही. कोचबाईंनी विचारलं, आपण गेलो तर कुणाला फरक पडेल? पोरं म्हणाली, कुणालाच नाही. तर म्हणाल्या, मग पडायला लावू या. आता संध्याकाळी तलाव गावाला खुला. मुलं मिळून गावातल्या कुणालाही फुकट शिकवतात. आज्या येतात, दुकानदार येतात, आणि फुटबॉलवालेही. त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही म्हणे! सामन्यात माणसांच्या धडका अंगावर घेणारे गडी, कमरेएवढ्या पाण्यात कठडा सोडत नाहीत.

मु.च्या वाट्याला त्यांचा सगळ्यात मोठा गडी आलाय. कॅलविन. फ्रिजएवढा आहे, म्हणाली. पाण्याला घाबरतो.

"मग काय करतेस?"

"बाबांचं करते."

सु. मान वर करून बघायला लागला. मु. पाच वर्षांची असताना पाण्याला भयंकर घाबरायची. सु.ला स्वतःला पोहता येत नाही. तरी दर शनिवारी इथल्या सार्वजनिक तलावात छातीएवढ्या पाण्यात उभा राहायचा, तिच्या पाठीखाली हात धरून. स्वतः भीतीने कापायचा आणि तिला म्हणायचा, "अंग सोड, मी आहे." मी काठावरून दोघांना हसायचे.

मु. त्या फ्रिजच्या पाठीखाली हात धरते आणि मराठीत तेच म्हणते. त्याला अर्थ कळत नाही, पण ऐकलं की सैल होतो.

सु. उठून बाल्कनीत गेला. मी चहा तिथेच नेऊन दिला.

सोम., २० ऑक्टो. दिवाळी

मु.ला पाठवलेला फराळ पोचला, सगळा. चकल्या कोचबाईंनी एकट्यांनी संपवल्या. कॅलविनला चिवडा. मु. म्हणाली, तो काल हात सोडून तरंगला, एकटा. सगळ्या तलावाने टाळ्या वाजवल्या आणि तो रडला. मीही रडले, लाडू वळता वळता. एका न पाहिलेल्या, फ्रिजएवढ्या पोरासाठी.

आज सु.ने स्वेटर बाहेर काढला, ऊन दाखवून परत ठेवला.

रवि., ९ नोव्हें.

जिंकलो. कॅलविनने शेवटी समोरच्याला असं लोळवलं की मलाही चेंडू दिसला. सामना संपल्यावर टीव्हीवाली बाई त्याला विचारत होती, मोठ्या घरी जाणार, कसं वाटतंय? तो धापा टाकत म्हणाला, ते विश्वस्त बघतील, आमच्या पोहणाऱ्यांना घेऊनच जाऊ एवढं मला माहीत आहे. बाई गोंधळली. स्टेडियमात ओरडा झाला, त्याच्या बोलण्यासाठी की विजयासाठी, कळलं नाही.

सु. माझ्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन स्वेटर घालून आला. सामना संपल्यावर!

मी म्हटलं, फार आशा लावू नकोस. बोलणी मोठ्यांची असतात, मुलांचं कोण ऐकतं.

"माहितेय," म्हणाला. "पण बोलला ना तो."

शुक्र., १४ नोव्हें.

सभा तिकडे आज संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे उद्या सकाळी.

दुपारी मु.चा मेसेज, मराठीत, इंग्रजी अक्षरांत. 'आई उद्या पेढे आण.'

फोन केला. "काही कळलंय का?"

"नाही."

"मग कशाचे पेढे? आधीच एकदा तोंडावर आपटलोय आम्ही."

"आई, बाबा त्या दिवसापासून सॉरी म्हणतायत. डेली. स्टॉप इट सांग त्यांना. मला आवडलं होतं फोटोत. माझ्या कॉलेजचे पेढे. कुणाच्या कॉलेजचे असतात?" मग जरा थांबून, "टीम राहिली नाही तरी मी इथेच शिकणार आहे. कॅलविनला बॅकस्ट्रोक शिकवायचाय."

सु.ला सांगितलं नाही. ऑफिस सुटल्यावर मीच ट्रेनने लिटिल इंडियात गेले. दुकानदाराने विचारलं, "कुछ खुशखबरी?" मी म्हटलं, "लडकी है."

त्याने अभिनंदन केलं. मी दुरुस्त केलं नाही.

शनि., १५ नोव्हें.

सकाळी सातला सभा सुरू. मु.ने फोटो पाठवला: सभागृहात मागच्या रांगांत पोहणारी पोरं, ओल्या केसांची, आणि त्यांच्यामध्ये फुटबॉलवाले, खुर्च्यांत मावत नाहीत असे. कोचबाई पहिल्या रांगेत, हातात माझ्या फराळाचा डबा. विषय क्रमाने घेतात, आधी दुसरंच काहीतरी, पार्किंग.

सु. स्वेटर घालून टीव्हीसमोर, टीव्ही बंद. टीव्हीवर सभा कुठे दाखवतात? तरी बसलाय.

मी खोका काढून टेबलावर ठेवला. तो बघत राहिला.

"अगं, अजून ठरलं नाही."

"माहितेय."

"मग कशाचे?"

"मुक्ताचे."

 दोरी त्यानेच सोडली. खोक्याखाली एक हात धरून, पूर्वी तलावात मु.च्या पाठीखाली धरायचा तसा. पहिला पेढा देवापुढे ठेवला, दुसरा मला दिला.

मग मी टॅन आंटींकडे गेले.

"आय्यो, कॉलेज मॅरिड ऑलरेडी?"

"नॉट येट, आंटी. नाऊ डिसायडिंग."

"देन वाय स्वीट?"

आंटींना म्हटलं, "माय डॉटर, आंटी. शी इज लाइक दॅट." त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि "गुड, गुड" म्हणत आमच्याच घरात येऊन सु.च्या शेजारी बसल्या. आता तिघंही बसलोय. पार्किंगचं अजून चाललंय.