धाकट्या दिराची वहाण

वहिनी म्हणजे आई, असा निरोप राजाने पाठवला. सोबत तांबडा झगा. निरोप्या दारात उभा राहून म्हणतो, "बाईसाहेब, महाराज तुम्हाला आईच्या जागी मानतात."

मी म्हटलं, "महालात एवढ्या बायका आणल्या, त्यांतली एकही आईसारखी दिसली नाही का रे त्याला?"

झगा मी गाढवीच्या पाठीवर टाकला. गारठली होती.

मी हेला, बेथलेहेमच्या यादोनची विधवा, राजाची भावजय. पोटात गाठ आहे, डोकं ठिकाणावर आहे. अक्षरं घागरींवर खुणा करता करता आली. माझ्यामागे कशाचं काय करायचं ते माझ्या मर्जीनं लिहिते आहे. मला दटावणारा अजून जन्मायचाय.

घर आणि माग शेलोमीथला. आमच्या मेंढक्याची पोरकी मुलगी, मी वाढवली. पनीर करायचं भांडंही तिलाच. लढाईवरच्या भावांना धाकट्या दिरानं, आत्ताच्या राजानं, छावणीत पनीर नेऊन दिलं, ते माझ्या हातचं. तिथं शत्रूच्या धिप्पाड गड्याला गोफणीनं लोळवून परत आला तेव्हा त्याच्या नावानं बायका नाचत होत्या. माझी टोपली कुणी आणली नाही.

जात्याची वरची तळी थोरल्या जावेला, खालची मधलीला. दोघींचं बोलणं नाही. दळायचं असेल तर बोलतील.

आता शेत. यादोन मूल नसताना गेला. अशा वेळी दिरानं विधवेला घरात घ्यायचं, पहिल्या मुलाला मेलेल्याचं नाव द्यायचं. थोरला म्हणाला, "मी म्हातारा झालो." बाकीचे एकेक करून वारले. उरला धाकटा. तो येतही नाही, नाही म्हणतही नाही. माझं मूल होण्याचं वय असंच वाट बघण्यात गेलं.

मला त्याच्या बिछान्याची हौस नाही. मला त्याचा नकार हवा, वेशीत, वडीलधाऱ्यांसमोर. मग रीतीप्रमाणे मी त्याच्या पायातली वहाण काढीन, तोंडावर थुंकेन, की शेतावरचा त्याचा हक्क सुटला. मग शेत शेलोमीथचं. अट एकच, पहिल्या मुलाचं नाव यादोन. हे झालं नाही तर मी मेल्यावर शेत राजाच्या घशात जाईल. दरबारात भावांची नावं घेताना यादोनला आत्ताच गाळतात.

इथवर वाचून दाखवलं तेव्हा निरोप्या म्हणाला, "राजाच्या तोंडावर, बाईसाहेब?"

"तोंड दिराचं आहे. मुकुट काढून ये म्हणावं."

साक्षीला काल्कोल कुंभार आणि वेशीतले वडीलधारे अमासय. दोघांनी अंगठे उठवले. अमासय राजाला घाबरतो, तरी उठवला.

माझी खूण: घागर.

बेथलेहेम, जवात दाणा भरतो तो महिना, वद्य पक्ष.

धाकट्या, येत्या चंद्रदर्शनाला मी सकाळपासून वेशीत बसते. ऊन डोक्यावर यायच्या आत हो की नाही ते सांग. माणूस पाठवू नकोस, त्याच्या वहाणेचा मला उपयोग नाही.