खाप्याच्या घाटावरची खुंटी

बाबा, आज कॉलेजात ताऱ्यांची अंतरं शिकवता शिकवता मी मध्येच थांबले. हात लांब करून अंगठा धरा, एकदा हा डोळा मिटा, एकदा तो. अंगठा फळ्यावर इकडचा तिकडे सरकतो. ताऱ्याचंही तसंच. जानेवारीत बघायचा, मग जुलैत, तोवर पृथ्वी सूर्याच्या पलीकडे पोचलेली असते. जवळचा तारा दूरच्यांपुढे केसभर हललेला दिसतो, त्यावरून त्याचं अंतर निघतं. "तिथं न जाताच, मॅडम?" एका पोरीनं विचारलं, आणि मला कन्हान नदीच्या ओल्या रेतीचा वास आला. खरंच आला.

खाप्याचा घाट, भर उन्हाळा. तुम्ही मोजणीदार, सुट्टीत मी तुमच्या मागेमागे. डोंग्यासाठी, त्या लाकडी नावेसाठी, नदीवर दोर बांधायचाय, पात्राची रुंदी हवी. तुम्ही काठाकाठानं साखळी टाकून अंतर मोजता, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकता आणि दोन्हींवरून पलीकडच्या बाभळीवर नेम धरता. "नदीत पाय नाही घालाचा, माय. दोन जागेवरून पाह्यलं का झाड सोताच सांगते, मी किती दूर हाय." मला वाटतं, माझा बाप झाडांशी बोलतो! दुसऱ्या खुंटीपाशी मला झेंडी देऊन, पहिलीकडे जाताना तुम्ही बजावता, "हालू नको वं."

तुमच्या मापानं आणलेला दोर चार हात कमी पडला. घाटावर लोक हसले, साहेब सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. "डोळे गेले माहे, दुसरं काय!" त्यानंतर तुम्ही बाहेरची मोजणी सोडली ती सोडलीच. निवृत्तीपर्यंत कचेरीत नकाशे गुंडाळत बसलात.

बारावीत त्रिकोणमिती शिकले तेव्हा मला सगळं उमगलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही समोर बसून वरणभात कालवत होता. मी तोंड उघडलं आणि लोणचं मागितलं. काय म्हणावं अशा पोरीला!

जवळच्या ताऱ्यांवरून दूरच्यांची अंतरं काढतात, त्यांच्यावरून आकाशगंगांची. पहिलंच माप चुकलं की पुढचं सगळं चुकतं. आज हेच वाक्य अर्ध्यावर सोडून मी फळा पुसायला लागले. पोरांना वाटलं, तास संपला.

हे पत्र वहीतच राहील, तुम्हीच नाही, तर टाकणार तरी कुठं? पण तुमचे डोळे शाबूत होते, बाबा. पाय भाजत होते म्हणून ती दुसरी खुंटी मी उपटली आणि काठाकाठानं दोन पावलं पुढे, निंबाच्या सावलीत ठोकली.