उंदरांची चाल

३ नोव्हेंबर २०२५

परवा लिहिलं ते चूक. सात नंबरचा उंदीर लंगडत नाही. भितो. पाठीची कमान करून, पाय आखडून चालतो. प्रयोगशाळेतला मदतनीस सोमेश्वर खोलीबाहेर गेला की तोच उंदीर सरळ होतो.

आमचा प्रयोग सांध्यांच्या सुजेवर. अर्ध्या उंदरांना हळदीचा अर्क, अर्ध्यांना नुसतं पाणी. मग पायांना शाई लावून अरुंद फळ्यांमधल्या कागदावर चालवायचं आणि पावलांतलं अंतर मोजायचं. हळदवाल्यांची पावलं लांब पडतात. माझे गाईड देविदास सर खूश. वसमतची हळद गाजणार म्हणतात.

पण हळदवाले मी उचलते, तळहातावर घेऊन. पाणीवाले सोमेश्वर उचलतो — शेपटीला धरून.

४ नोव्हेंबर

फरक अर्काचा की हातांचा?

६ नोव्हेंबर

घरी, तांड्यावर आले. शाळेआधी मी बापूजवळच, वडिलांजवळच शिकले — अक्षरं पाटीवर, चाल बैलांवर. बैल घेताना विकणाऱ्याच्या हातात कासरा असेपर्यंत बापू चाल बघतच नाही. स्वतः धरून चालवतो.

विचारलं, आम्हीही हात बदलून बघू का?

"बघ. पर साहेबाला सांगू नको. डिग्री घे आन् गप घरी ये."

बघणार. आणि सांगणार.

११ नोव्हेंबर

उंदरांची अदलाबदल केली होती. सोमेश्वर तेव्हा हसला — "उंदराला काय कळतंय, कोन धरून राहिलं ते?"

कळतं. पाणीवाले माझ्या हाती आले आणि पाठ सरळ करून चालले. हळदवाले त्याच्याकडे जाऊन आखडले. पावलं पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा. तेच.

सोमेश्वर बराच वेळ कागद बघत बसला. "माझ्या हाताला इतके भेतेत व्हय, शिला?"

१३ नोव्हेंबर

सरांना दाखवलं. "पोरीच्या हाताला माया आहे, असं थिसिसमध्ये लिहायचं का?" हसले. मग हसणं थांबलं. "थिसिसवर सही माझी लागते. बराबर?"

तरी म्हटलं, बराबर सर. पण मोजमाप माझं आहे, ते मी बदलणार नाही.

१४ नोव्हेंबर

सरांनी शोधनिबंध छापायला पाठवूनही दिला. अदलाबदलीचं त्यात एक अक्षर नाही. लेखकांत पहिलं नाव माझं.

सोमवारी, १७ तारखेला, प्राण्यांवरचे प्रयोग तपासणारी समिती कॉलेजात बसते. शाईच्या पावलांचे सगळे कागद घेऊन मी आत जाणार.