अठरा रिकाम्या डब्या आणि सोळा अक्षरं

भिवंडी, शनिवार सकाळ

चिरंजीव रवींद्र,

आणि तुझ्यासारखे ते सर्व, ज्यांनी सीलबंद डबी विकत आणली, सील फोडलं, आणि ज्यांना आत, विकत घेतलेली वस्तू सोडून, बाकी सगळं सापडलं,

तुम्हा सर्वांना नागसेनमामाचा सप्रेम जयभीम. (पत्र तुला एकट्यालाच आहे. पण तक्रार एकट्याची नाही, म्हणून सुरुवात सगळ्यांना धरून केली. इथून पुढे तुझ्याशीच बोलतो.) तुझी पाठ आता कशी आहे? खुर्चीत सरळ बसत जा, असं मी तुला दोनदा लिहिलं होतं, एकदा तर मुद्द्यांसह. तुझ्या आईचे, आमच्या ललिताचे, गुडघे नाशिकच्या थंडीत जास्त दुखतात असं ऐकतो. तिला म्हणावं, जिने टाळ. इकडे मंदामामी ठणठणीत आहे. माझा घसा मात्र सहा दिवस बसलेला आहे, आणि तो का बसला हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, लिहायला केलेली नाही.

तक्रार सरळ आहे. पूर्वी माणूस वस्तू विकत घ्यायचा. आता तो परवानगी विकत घेतो, आणि ती परवानगी आहे हे लक्षात येऊ नये म्हणून तिला वस्तू मावेल एवढ्या डबीत घालून देतात. हे मी व्हिडिओ गेमबद्दल लिहितो आहे. मामा या वयात व्हिडिओ गेमवर बोलू लागला म्हणून हसू नकोस. तू आठ वर्षांचा असताना आमच्या घरी सुट्टीला यायचास, टीव्हीला ते पिवळ्या-काळ्या वायरींचं यंत्र जोडायचास आणि मी त्याविरुद्ध बोलायचो. त्या बोलण्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही, पण त्या यंत्राबद्दल एक गोष्ट कबूल करतो. कॅसेट हातात यायची. जाडजूड, वजनदार, आणि खेळ तिच्या पोटात असायचा. चालली नाही तर तू उलटी करून फुंकर मारायचास आणि चालायची. (डबीवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ लिहिलेले असायचे आणि दहानंतर पहिलाच पुन्हा यायचा, ही फसवणूक होती. पण त्या फसवणुकीतही दहा खेळ खरे होते.) मी छत्तीस वर्षं लूमवर जॉबर होतो, बिघडलेले माग चालते करायचो. मागाच्या धोट्यात सुताची कांडी आहे की नाही हे मला धोटा उचलल्यावर कळायचं. कॅसेट ही तशी गोष्ट होती.

मग चकती आली. चकतीत जास्त मावतं, ती स्वस्त पडते, हे मला मान्य आहे. पण तिला ओरखडा सोसत नाही. धामणकर नाक्यावर मोबाईल दुरुस्त करणारा अनंता तुला आठवत असेल. पूर्वी तो कॅसेटी भाड्याने द्यायचा. त्याने चकत्यांना टूथपेस्ट लावून पुसण्यात चार वर्षं घालवली आहेत. पुढे चकतीतही अर्धाच खेळ येऊ लागला, उरलेला इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. मग चकती घालायची फटच नसलेली यंत्रं आली, आणि ती फट वेगळी विकत मिळू लागली. तोंड नसलेल्या यंत्राला मी यंत्र मानत नाही. त्याला नुसते कान आहेत. कंपनी वरून जे सांगेल ते ऐकायचं.

आणि आता हे दुहेरी यंत्र. टीव्हीला लावलं की घरचं, काढलं की हातातलं. तुझ्याकडे तेच आहे. यंत्र म्हणून मला ते पटलं, दोन शिफ्टमध्ये राबणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. त्याची कॅसेट नखाएवढी असते आणि कडू असते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून तिला कडू काहीतरी लावतात असं अनंता म्हणाला. मी जिभेला लावून पाहिली. अनंता खरं बोलतो. संध्याकाळच्या चहापर्यंत ती चव गेली नाही. परंतु याच यंत्रासाठी आता अशाही डब्या येतात ज्यांत कडू किंवा गोड काहीही नसतं. आत एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर सोळा अक्षरं. ती यंत्रात टाकायची, म्हणजे खेळ हवेतून उतरतो.

आता वनितावर येतो. तुझी ही मामेबहीण दापोड्याच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये परत आलेला माल तपासते, हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं पार्सल उघडायचं, आत काय आहे ते पाहायचं, आणि स्क्रीनवर 'ठीक', 'फुटका' किंवा 'रिकामा' यांपैकी एक बटण दाबायचं. पाच वर्षांत तिचं एकही बटण चुकलेलं नाही. गेल्या महिन्यात तिच्या टेबलावर एकाच खेळाच्या अठरा डब्या आल्या. गिऱ्हाइकांची तक्रार एकच, आत काही नाही. वनिताने उघडून पाहिलं. कॅसेट बसवायची खाच रिकामी होती, बाजूला जाहिरातीसारखी चिठ्ठी होती. तिने चिठ्ठी होती तशी ठेवली, डबी बंद केली आणि अठरा वेळा 'रिकामा' दाबलं. कोणत्याही प्रामाणिक माणसाने तेच दाबलं असतं. संगणकाने मात्र वेगळी बेरीज केली. एक टेबल, एक बाई, अठरा खेळ गायब. दुसऱ्या दिवशी तिचा गेटपास बंद झाला आणि चोरीची चौकशी लागली.

रवींद्र, इथे थोडं थांबून वाच. चोर हा शब्द एका गोडाऊनमध्ये लागला की दापोड्यापासून पुढे एकाही गेटवर पास मिळत नाही. नावं इकडून तिकडे जातात. तिला पुढच्या महिन्यात टीम लीडर करणार होते. आता ती सकाळी सवयीने सहाला उठते, डबा भरते, आणि मग तो डबा घरीच बसून खाते. मी घरात असलो की माझ्याकडे न बघता खाते.

मी प्रथम केसरीनाथकडे गेलो. गोडाऊन उभं आहे ती जमीन त्याची भातशेती होती, आणि आत मजूर पुरवण्याचं कंत्राट आता त्याच्याकडे आहे. तो पायरीवर बसून होता. म्हणाला, "आवं दादा, डबी हाय, आत काय न्हाय. मंग म्यानेजरनी काय समजावं? तुमची पोरगी चांगली हाय, मना ठाव हाय. पन म्यानेजरला डबी दिसतंय." या वाक्यात सगळा अन्याय आला होता, तो त्याला दिसला नाही एवढंच. मग मी अनंताकडे गेलो, आणि वर लिहिलेलं सगळं ज्ञान त्याच्या दुकानात तीन दिवस बसून मिळवलं. (गिऱ्हाइकांना मीच चहा दिला, त्यामुळे त्याची हरकत नव्हती.) चिठ्ठी म्हणजेच खेळ आहे, अठराही डब्या भरलेल्या आहेत, आणि वनिता चोर तर नाहीच, तिची चूकही नाही, हे कळल्यावर मी त्या खेळाची एक नवी डबी अनंताकडून मागवली. त्याला एकच मिळाली. पुढचा माल महिनाअखेरीला.

पुरावा हातात आल्यावर शहाणा माणूस गप्प बसतो, असं मंदामामीचं मत आहे. माझं मत आहे की पुरावा लोकांसमोर गेला पाहिजे. गेल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, शिफ्ट सुटताना, मी गेटवर सभा घेतली. केसरीनाथचा मुलगा देवेश याने ती मोबाईलवरून थेट दाखवली (बापाचं कंत्राट आत आणि मुलाचा मोबाईल बाहेर, पण त्याने ती दाखवली, हे मी विसरणार नाही). मी कॅसेटपासून सुरुवात केली, चकतीवर आलो, तोंड नसलेल्या यंत्रावर टाळ्या मिळाल्या. मग मी ती चिठ्ठी वर धरली आणि म्हणालो की हे पाहा, कंपनी ज्याला खेळ म्हणते तो हा. हा रिकामा आहे का, तुम्हीच सांगा. आणि ती सोळा अक्षरं मी लाऊडस्पीकरवर वाचली. नीट कळावीत म्हणून एम मनमाडचा, के कल्याणचा, असं फोडून वाचली. लोक माझ्यामागे घोषणेसारखी म्हणू लागले. मागून एक लोडर ओरडला, "चाचा, जरा धीरे, लिख रहे हैं!" चाळीस वर्षं मी भाषणं करतो आहे, कामगाराने माझं बोलणं लिहून घ्यावं ही माझी इच्छा पहिल्यांदाच पुरी होत होती. मी सगळं पुन्हा एकदा वाचलं.

मंगळवारी चौकशी झाली. समोर कंपनीच्या मृणाली मॅडम होत्या. वयाने लहान, पण समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. त्यांचं म्हणणं मुद्द्याचं होतं. डबीच्या मागे इंग्रजीत बारीक ओळ आहे हे त्यांनी पाहिलं होतं, पण हल्ली प्रत्येक खेळावर उतरवून घेण्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं, आणि कॅसेटबरोबर बक्षिसाच्या चिठ्ठ्याही येतात. चिठ्ठीत पूर्ण खेळ आहे की नुसतं बक्षीस, हे कशावरून? त्या अठरा चिठ्ठ्या वापरून पाहता येणार नाहीत, तो दुसऱ्याचा माल आहे. मी म्हणालो, मॅडम, तुमच्या मालाला हातही लावायला नको, मी माझा आणला आहे. अनंताने दुकानातलं यंत्र टेबलावर ठेवलं, चिठ्ठीवरची सोळा अक्षरं एकेक करून टाकली, आणि पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं. मृणाली मॅडमनी ते मोठ्याने मराठीत सांगितलं. हा कोड आधीच वापरलेला आहे.

त्यांनी यंत्र माझ्याकडे वळवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "काका, तुमची डबी मात्र खरंच रिकामी निघाली."

परतताना रिक्षात वनिता म्हणाली, "बाबा, एक मागू?" मी म्हणालो, माग. म्हणाली, "पुढच्या आठवड्यात गुरुवारी पुन्हा बोलावलंय. तेव्हा तुम्ही बोलू नका." मी तिला शब्द दिला. घसा बसलेला असताना तो देणं सोपं होतं, पण तो बरा झाल्यावरही मी तो पाळणार आहे.

तर तू या विषयातला जाणकार. कॅसेट, चकती की चिठ्ठी, यांत माणसाच्या हातात खरोखर काय उरतं, याबद्दल तुझं मत सविस्तर लिहून कळव. मी ते आमच्या वाचनालयात वाचून दाखवेन.

तुझा,
नागसेनमामा

ता. क. वरची मताची मागणी मनापासून आहे, पण पत्र तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही. काल रात्री ललिताचा फोन आला होता. म्हणाली, "दादा, तुझ्या भाषणाचा पहिल्यांदाच कुणाला तरी फायदा झाला. रवीला गेम मिळाला." तिला वाटलं, आपण आनंदाची बातमी देतो आहोत. सभा नातेवाईकांच्या ग्रुपवर मीच टाकली होती, शेवटपर्यंत ऐका अशी सूचना करून. कोड मी बेचाळिसाव्या मिनिटाला वाचला, म्हणजे घरातल्या एकवीस माणसांपैकी माझं भाषण बेचाळीस मिनिटं ऐकणारा तू एकटा. (ललिता म्हणते, तू पुढे ढकलत ढकलत तिथे पोचलास. मी तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही.) तुला वनिताचं प्रकरण माहीत नव्हतं, हेही मी धरून चालतो. तिनेच ते ग्रुपवर येऊ दिलं नव्हतं, आणि भाषणात तिचं नाव मी घेतलं नव्हतं.

ता. क. २. मला राग नाही. मी हिशेबाने विचार केला आहे. चिठ्ठी वापरली गेली, त्याअर्थी तिच्यातून काहीतरी निघालं, आणि जे निघालं ते आज फक्त तुझ्या यंत्रात आहे. तो खेळ तुझ्याकडे कोणत्या दिवशी, किती वाजता उतरला हे त्यात दिसतं, असं अनंता शपथेवर सांगतो. देवेशच्या प्रक्षेपणावरही वेळ आहे. एका चिठ्ठीतून अख्खा खेळ निघतो हे मॅडमना दिसलं की अठरा डब्या भरलेल्या ठरतात, आणि वनिता मोकळी होते. बुधवारी रजा टाक, ललिताला काहीही कारण सांग, आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता ते यंत्र घेऊन दापोड्याच्या गेटवर हजर हो. मी तोंड उघडणार नाही. तू मॅडमच्या टेबलावर तो खेळ सुरू कर.