आधी त्यांचं म्हणणं

६ नोव्हेंबर १९९९
परवा या वहीत लिहिलं की फोरमवरच्या काढ्याच्या जाहिराती मी ‘थांबवल्या’. चूक. एकही थांबवली नाही. प्रत्येकीला उत्तर दिलं, एवढंच.

काशीतल्या आणि काशीबाहेर गेलेल्या मराठी घरांचा हा फोरम, देखरेख माझ्याकडे. दसऱ्यापासून तेच चाललंय — आज इंदूरची ‘शरदिनी’, उद्या पुण्याचा ‘रोहन’, आणि सगळ्यांच्या किडन्या रामनगरच्या एकाच वैद्याच्या काढ्याने बऱ्या. डायलिसिस बंद म्हणे! कुणीतरी पैसे घेऊन लिहितंय हे उघड आहे. नावं वेगळी, चुका त्याच.

खोडायचं बटण माझ्याकडे आहे. हात होत नाही. आठवीपर्यंत मला शाळा नव्हती, बाबांपुढेच शिकायला बसले. ते म्हणत, ‘आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांड, मग खंडन कर. तोंड दाबणं म्हणजे हरणं.’ म्हणून मी त्यांचा लेख वर पूर्ण मांडते, तुटकी वाक्यं नीट करून. खाली माझं खंडन.

९ नोव्हेंबर
सायबर कॅफेत वीज नव्हती. परत आले.

१२ नोव्हेंबर
दादाच लिहितो. देवव्रत. माझा सख्खा भाऊ.

कॅफेत त्याच्या मागून गेले तर पडद्यावर ‘शरदिनी’ अर्धी लिहिलेली. त्याने लपवलंही नाही. “बस ना, वैदेही. तुझ्यामुळेच तर धंदा चाललाय.”

म्हणजे काय, ते त्यानेच सांगितलं. ज्या लेखाला उत्तर येतं तो फोरमवर सगळ्यात वर जातो. हे मला ठाऊक होतं. माझ्या उत्तरांशी कधी जोडून पाहिलं नाही.

“मी कचरा टाकतो, तू त्यावर संस्कार करतेस. वैद्यजी कहते हैं, बहनजी को मलइयो खिलाओ, मुँह मीठा कराओ.”

कुणी खरंच उपचार सोडले तर? — “एवढं कोण वाचतं गं?”

त्याने आपण होऊन सगळं काढावं म्हणून रविवारपर्यंत मुदत दिली. बाबांना सांगितलं नाही. घाटावरच्या विधींत दादा त्यांचा उजवा हात.

१४ नोव्हेंबर, रविवार
दारात एक बाई. अंबिकाबाई, सतनाच्या. “वैदेहीताई तुम्हीच ना? तुमचं वाचूनच यांना घेऊन आले. बाकीच्यांचं कच्चं वाटलं. तुमचं पटलं.”

मी म्हटलं, खालचं वाचलंत ना?

“खालचं? यांनी ऑफिसातून एक पान छापून आणलं होतं.” पिशवीतून काढून दाखवलं. वर माझं नाव. खाली सगळा पूर्वपक्ष, माझ्या नीटनेटक्या वाक्यांत. तिथेच पान संपतं.

त्यांचे यजमान वासुदेवराव. मुन्शी घाटाजवळच्या खोलीत उतरलेले. दहा दिवस डायलिसिस नाही, नुसता काढा. चेहरा सुजलेला, धाप लागलेली. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, “इतने दिन क्या कर रहे थे?” अंबिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यावं म्हणून.

तिथून कॅफेत. सगळं खोडलं. दादाचं, माझंही. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

१७ नोव्हेंबर
पहाटे वासुदेवराव गेले.

१८ नोव्हेंबर
दादा जेवला नाही. म्हणाला, “त्यांना आधीपासूनच होतं ना?” मी त्याचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाला, “तू बाबांना सांगणार नाहीस.” प्रश्न नव्हता तो.

२० नोव्हेंबर
मूलबाळ नाही, दहाव्याला तीळपाणी अंबिकाबाई स्वतःच सोडणार. राजा घाटावर. काम त्यांनी बाबांनाच सांगितलं. आमच्या घरावर विश्वास म्हणे. दर्भ-तीळ हातात देणार दादा.

अंबिकाबाईंना बाबांच्या समोरच सांगेन. लेख त्याने लिहिले, पटवले मी. या वेळी पूर्वपक्ष नाही.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर. त्याच्या हातचे तीळ त्यांच्या ओंजळीत पडण्याआधी.